गरोदरपणातलं शाकाहारी ताट: काय, किती, कधी आणि कशाबरोबर

रोज एक डाळिंब, रात्री खजूर, सकाळी बीटचा रस, जेवणानंतर गुळाचा खडा. एवढं सगळं करूनही सातव्या महिन्यात हिमोग्लोबिन ९. सोलापुरात आहाराचा सल्ला देताना हे मी सारखं बघते. घरच्यांनी हयगय केलेली नसते, उलट जो जे सांगेल ते आणून खायला घातलेलं असतं. चूक वेगळीच असते. ज्या पदार्थांवर भिस्त ठेवली त्यांत लोह फारसं नसतं, आणि ज्यांत असतं ते चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर पोटात जाऊन निम्मंअधिक वाया जातं.

डाळिंबाचंच बघा. आपल्या जिल्ह्यात पिकतं, ताजं मिळतं, फळ म्हणून उत्तम आहे. पण त्याच्या १०० ग्रॅम दाण्यांत एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं, आणि गरोदर बाईला दिवसाला २७ मिलिग्रॅम लागतं. बीटचीही तीच गत. रंग लाल आहे म्हणून रक्त वाढत नाही.

ज्वारी, तूर, हुलगा (कुळीथ), मटकी, भुईमुगाच्या शेंगा, तीळ, जवस आणि पालेभाजी एवढ्या सामानावर शाकाहारी बाईचं गरोदरपण व्यवस्थित निभतं. बी१२ जीवनसत्त्व तेवढं त्यातून मिळत नाही, ते बाहेरून घ्यावंच लागतं. लोह, कॅल्शियम आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्याही अन्नाच्या जोडीला लागतात. पुढचे टप्पे दिलेल्या क्रमाने करा. दूध-दही घेणाऱ्या आणि अजिबात न घेणाऱ्या, दोघींचा विचार केला आहे. जिथे फरक पडतो तिथे तसं लिहिलं आहे. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला आणि मगच यातलं काही बदला.

टप्पा १: ताट बदलण्याआधी तपासण्या

बहुतेक घरांत आधी खाणं सुरू होतं आणि तपासणी मागाहून होते. मग कशाने काय झालं ते कळत नाही. पहिल्याच भेटीत हिमोग्लोबिन, रक्तातली साखर आणि थायरॉइड बघून घ्या. शाकाहारी असाल तर बी१२ ची तपासणी आपण होऊन मागा, कारण ती दरवेळी यादीत असतेच असं नाही.

गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. १० ते १०.९ सौम्य, ७ ते ९.९ मध्यम आणि ७ च्या खाली गंभीर. मध्यम किंवा गंभीर असेल तर नुसत्या आहारावर आकडा वर येण्याची वाट बघत बसू नका. औषध लागतंच, कधी शिरेतून लोह द्यावं लागतं. आहार त्याच्या जोडीला.

साखरेसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात. आकडा १४० किंवा त्याहून वर आला तर गरोदरपणातला मधुमेह समजतात. पहिल्या भेटीत आकडा ठीक आला तरी २४ ते २८ आठवड्यांत ही तपासणी पुन्हा करायची असते. ती दुसरी चुकवू नका.

सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाखाली चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर बायांची मोफत तपासणी होते. अंगणवाडीत नाव नोंदवा, माता-बाल संरक्षण कार्ड घ्या आणि प्रत्येक भेटीला ते बरोबर ठेवा.

पडताळा: कार्डावर वजन, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन हे तिन्ही आकडे लिहिलेले आहेत ना? एखादा रकाना रिकामा असेल तर तिथल्या तिथे विचारा.

टप्पा २: फॉलिक ॲसिड आणि बी१२

फॉलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम, शक्य असेल तर मूल हवं असं ठरल्यापासूनच. बाळाच्या मणक्याची नळी पहिल्या चार आठवड्यांत बंद होते आणि तोवर पाळी चुकल्याचंही पुष्कळदा लक्षात आलेलं नसतं. आधीच्या बाळाला मणक्याचा किंवा मेंदूचा जन्मदोष असेल, तर मात्रा बरीच मोठी लागते. ती डॉक्टरांनीच लिहून द्यायची.

बी१२ ची गोष्ट मात्र नीट समजून घ्या, शाकाहारी घरांत सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिथेच होतं. हे जीवनसत्त्व भाजी, डाळ, धान्य, फळ यांत भरवशाचं मिळत नाही. इडली-आंबीलसारख्या आंबवलेल्या पदार्थांवर विसंबू नका. स्पिरुलिनाच्या गोळ्यांतलं बहुतेक बी१२ शरीराच्या उपयोगाचं नसतं. दूध-दह्यात ते असतं, पण दिवसाचे दोन चहा आणि वाटीभर ताक एवढ्यावर गरज भागत नाही.

दवाखान्यातून मिळणाऱ्या लाल गोळीत लोह आणि फॉलिक ॲसिड असतं, बी१२ नसतं. शिवाय फॉलिक ॲसिड चालू असताना बी१२ कमी पडलं, तर रक्ताच्या तपासणीत ते झाकलं जाऊ शकतं आणि नसांचं नुकसान मात्र होत राहतं. म्हणून हातापायांना मुंग्या, जिभेची आग, सारखं तोंड येणं, चालताना तोल जाणं असं काही असेल तर ‘गरोदरपणात होतंच’ म्हणून सोडून देऊ नका. पाळीच्या किंवा साखरेच्या तक्रारीसाठी मेटफॉर्मिन घेत असाल, तर तेही सांगा. त्या औषधाने बी१२ आणखी कमी होतं.

दूध न घेणारीला बी१२ ची गोळी रोज लागतेच. घेणारीने तपासणी करून ठरवावं. मात्रा आकड्यावर अवलंबून असते, तेव्हा शेजारणीची गोळी आणून सुरू करू नका.

टप्पा ३: गोळ्यांचं वेळापत्रक

जेवण कितीही चांगलं असलं तरी हा टप्पा चुकला की पुढचं सगळं लंगडं पडतं.

पहिले तीन महिने फक्त फॉलिक ॲसिड, आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तर बी१२. चौथ्या महिन्यापासून लोहाची लाल गोळी रोज एक. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. बाळंतपणाआधी १८० दिवस आणि नंतर १८० दिवस घ्यायची. त्याच सुमारास कॅल्शियमची ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा. सरकारी गोळीत ड जीवनसत्त्वही असतं. जंताची गोळी पहिले तीन महिने उलटल्यावर, आरोग्य सेविका देईल तेव्हा.

कॅल्शियम लोहाची वाट अडवतं, म्हणून दोन्ही एकत्र घेऊ नका. मध्ये कमीत कमी दोन तास जाऊ द्या. दोन्ही पाकिटं एकाच डब्यात असतात, विसरायला नको म्हणून बाई सकाळी दोन्ही एकदम घेऊन मोकळी होते, तीही वर चहाचा घोट घेऊन. चहातलं टॅनिन लोहाला बांधून ठेवतं. एकाच घोटात दोन अडथळे.

आपल्याकडच्या जेवणाच्या वेळा धरून असं बसवता येतं:

सकाळी ७ ला चहा हवाच असेल तर घ्या, सोबत दोन घास काहीतरी.

९ ला नाश्ता आणि पहिलं कॅल्शियम. दूध घेत असाल तर ते याच वेळी.

दुपारी १ ला जेवण आणि दुसरं कॅल्शियम. दोन्ही कॅल्शियम एकदम घेऊ नका, एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या वर शरीर नीट शोषत नाही.

दुपारी ४ ला चहा. यानंतर दिवसभरात पुन्हा चहा नाही.

संध्याकाळी ७.३० ला जेवण. दिवसातलं सगळ्यात लोहदार जेवण हेच ठेवा: हुलग्याची किंवा मटकीची उसळ, पालेभाजी, वर लिंबू.

रात्री १० ला लोहाची गोळी, लिंबूपाण्याबरोबर. घेतल्या घेतल्या आडवं होऊ नका, जळजळ होते. अर्धा तास बसा.

झोपताना हळदीचं दूध प्यायची सवय असेल तर ते नाश्त्याला न्या. सासूबाई प्रेमाने पेला पुढे करतात आणि नाही म्हणवत नाही, हे मी जाणते. ‘आई, डॉक्टरांनी सकाळी प्यायला सांगितलंय’ म्हणा, कुणाचं मन दुखावत नाही.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती पहाटे उपाशीपोटी, आणि तिच्यापासून लोह व कॅल्शियम चार तास लांब. अशा वेळी कॅल्शियमच्या वेळा डॉक्टरांना विचारून ठरवा, लोहाची वेळ तीच राहू द्या.

सावधान: लोहाने शौचाला काळं होतं, घाबरायचं कारण नाही. मळमळ किंवा बद्धकोष्ठ झालं म्हणून गोळी परस्पर बंद करू नका. वेळ बदलून बघा किंवा डॉक्टरांकडून दुसरी मागा. घरात लहान मूल असेल तर लाल गोळ्या उंचावर कुलपात ठेवा. मुलं त्या गोड गोळ्या समजून खातात आणि जिवावर बेततं.

टप्पा ४: बाजार आणि निवडणं

महिन्याचं सामान भरताना ज्वारी नेहमीप्रमाणे घ्या. त्यात आठवड्याला दोन-तीन दिवस पुरेल एवढी बाजरी आणि थोडी नाचणी जोडा. डाळींत तूर, मूग, मसूर. कडधान्यांत हुलगा, मटकी, चवळी, हरभरा. शिवाय तीळ, जवस, कारळ, फुटाणे. दूध न घेणारीने सोयाबीनच्या वड्या नक्की घ्याव्यात. मीठ आयोडीनयुक्त असल्याचं पुडीवर वाचून घ्या. सैंधवात आयोडीन नसल्यातच जमा असतं, आणि बाळाच्या मेंदूला आयोडीन लागतं.

पालेभाजी दोन दिवसांपुरतीच आणा. मेथी, तांदुळजा, राजगिरा, चवळई, शेपू, शेवग्याचा पाला, हिवाळ्यात करडईची आणि हरभऱ्याची भाजी. लक्ष्मी मंडईत सकाळी गेलात तर यातलं काही ना काही ताजं मिळतंच. पालकावर भर देऊ नका. त्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम फार थोडं अंगी लागतं.

शेंगांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आपल्या ताटात चटणी, कूट, शेंगापोळी सगळीकडे त्याच असतात. जुन्या, ओल लागलेल्या शेंगदाण्यावर बुरशी धरते. त्या बुरशीचं विष यकृताला घातक असतं आणि भाजल्याने पुरतं जात नाही. तेव्हा दाणे भाजण्याआधी परातीत पसरा आणि उजेडात बसून निवडा. सुरकुतलेला, काळपट, हिरवट-पिवळी भुकटी धरलेला, आतून करडा पडलेला दाणा वेचून टाका. भाजल्यावर चार दाणे चावून बघा. एकही कडू लागला तर ती चटणी गरोदर बाईच्या ताटात जाऊ नये. तिखट आणि लसूण घातलं की कडूपणा लपतो, म्हणून चव कुटायच्या आधीच घ्यायची. चटणी थोडीथोडी कुटा आणि कोरड्या बरणीत ठेवा.

टप्पा ५: प्रथिनांचा हिशेब

‘दोन जिवांचं खा’ हा सल्ला आकड्यात बसत नाही. चौथ्या महिन्यापासून रोज साधारण ३५० उष्मांक जास्त लागतात. म्हणजे एक जादा भाकरी, वाटीभर घट्ट वरण आणि एखादं फळ. प्रथिनं मात्र बरीच वाढवावी लागतात. ५५ किलोच्या बाईला एरवी दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम लागतात; मधल्या तीन महिन्यांत त्यात साडेनऊ आणि शेवटच्या तीन महिन्यांत २२ ग्रॅमची भर पडते. म्हणजे शेवटी जवळजवळ ६८ ग्रॅम.

एवढी भरतात कुठून? ज्वारीच्या चार मध्यम भाकऱ्यांतून सुमारे २४ ग्रॅम. कोरडी मोजून ६० ग्रॅम डाळ, १३. कोरडी ४० ग्रॅम मटकी किंवा हुलगा, ९. दिवसभरात ४० ग्रॅम शेंगदाणे, १०. मूठभर फुटाणे, ६. ही ६२ झाली. वर ४०० मिलिलिटर दूध-दही घेतलं तर १३ ग्रॅमची भर. दूध नको असेल तर २५ ग्रॅम कोरड्या सोया वड्यांतून तेवढीच मिळतात. ज्वारीत जे अमिनो आम्ल कमी असतं ते डाळीत भरपूर असतं, म्हणून भाकरीला डाळ किंवा उसळ हवीच. दोन्ही एकाच घासात नसली तरी चालतं, एका दिवसात व्हावीत.

कागदावर हे सोपं दिसतं, फसतं ते आमटीत. घरात पाच माणसं, डाळ दोन मुठी, वरून तांब्याभर पाणी, काळं तिखट आणि झणझणीत फोडणी. चव छान, पण वाटीच्या तळाशी डाळ चमचाभर. सगळ्यांची ताटं वाढून झाल्यावर जी शेवटी बसते तिच्या वाट्याला वरचं पाणीच येतं, आणि पुष्कळ घरांत शेवटी बसणारी ही गरोदर सूनच असते. उपाय फुकटचा आहे. डाळ शिजून घोटली की पाणी घालायच्या आधी तिची एक वाटी घट्ट वरण बाजूला काढून ठेवा. फोडणी त्यानंतर. आणि तिला पहिल्या पंगतीला बसवा. सासूबाईंनी एकदा ‘तू बस गं आधी, वाढते मी’ म्हटलं की घरात तो रिवाज पडतो.

पडताळा: आठवडाभर कोरडी डाळ आणि कडधान्य एकाच वाटीने मोजा. तिच्या एकटीच्या वाट्याला रोज दोघं मिळून १०० ग्रॅम आलं पाहिजे. पहिल्या दिवशी घरातल्या काट्यावर किंवा वाण्याकडे तोलून वाटी ठरवून घ्या.

दुकानातल्या गरोदरपणाच्या प्रोटीन पावडरीची सक्ती नाही. घेणारच असाल तर साखर किती आहे ते आधी वाचा.

टप्पा ६: अन्नातलं लोह अंगी लावणं

हुलगा आणि मटकी यांत १०० ग्रॅमला ८ मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं, बाजरीत सहाच्या वर, ज्वारीत चारच्या जवळपास. वनस्पतींतलं लोह शरीर कंजूषपणे घेतं, पण ते वाढवण्याचे मार्ग आपल्या स्वयंपाकात आधीपासून आहेत.

कडधान्य भिजवा आणि मोड आणा. लोह अडवणारं फायटेट त्याने कमी होतं. रात्री भिजवून सकाळी उपसा, ओल्या सुती फडक्यात बांधा. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यात मोड झपाट्याने येतात आणि तितक्याच झपाट्याने वास धरतात, म्हणून पुरचुंडी दिवसातून दोनदा धुऊन पुन्हा बांधा आणि मोड दिसू लागले की लगेच शिजवा. चिकट लागली किंवा आंबूस वास आला तर फेकून द्या.

सावधान: मोड आलेलं कडधान्य गरोदरपणात कच्चं खायचं नाही. कोशिंबिरीत, भेळेतही नाही. ज्या उबेत आणि ओलीत मोड येतात तिथेच जंतू वाढतात. पूर्ण शिजवून खा.

आंबट काहीतरी सोबत असू द्या. लिंबू, आवळा, पेरू, कच्चा टोमॅटो, कोथिंबीर यांतल्या क जीवनसत्त्वाने लोह कितीतरी जास्त शोषलं जातं. लिंबू उसळीत शिजवताना घालू नका, उष्णतेने ते जीवनसत्त्व जातं. ताटात वाढल्यावर पिळा.

भाजी लोखंडी कढईत करा. टोमॅटो किंवा चिंच असलेली भाजी लोखंडातून थोडं लोह घेते. झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळी पडते आणि कुणी खात नाही.

चहा-कॉफी जेवणाच्या एक तास आधी आणि एक तास नंतर नको. दिवसाला एकूण कॅफिन २०० मिलिग्रॅमच्या आत हवं, म्हणजे दोन छोटे कप चहाची मर्यादा ठेवलीत तर काळजी नाही.

हुलगा ‘गरम’ म्हणून गरोदरपणात बंद करतात, आणि घरातलं एक चांगलं लोहदार कडधान्य नऊ महिने डब्यात पडून राहतं. उसळ, माडगं, शेंगोळे अशा नेहमीच्या प्रमाणात शिजवून खाल्लेल्या हुलग्याने गर्भाला इजा होते याला आधार नाही. पपईबाबत कच्ची टाळा, पूर्ण पिकलेली चालते. अळीव बाळंतपणानंतर, आधी घ्यायचे असतील तर डॉक्टरांना विचारा.

गूळ म्हणजे प्रामुख्याने साखरच. चवीपुरता ठीक, रक्त वाढवायला म्हणून नको, आणि साखरेचा आकडा वर असेल तर मुळीच नको.

माती, भाजकी माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात का? हे डोहाळे म्हणून पुरवू नका. ते लोह कमी असल्याचं लक्षण असू शकतं. लाज न बाळगता डॉक्टरांना सांगा, ते रागावणार नाहीत.

टप्पा ७: कॅल्शियम आणि उरलेलं

दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. ४०० मिलिलिटर दूध-दह्यातून साडेचारशेच्या वर मिळतं. दूध न घेणारीने नाचणीवर भर द्यावा, १०० ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या आसपास असतं. तिची भाकरी नुसती जमत नसेल तर तीन भाग ज्वारी आणि एक भाग नाचणी असं पीठ दळून आणा, भाकरी नीट थापता येते. शेवग्याचा पाला डाळीत किंवा धपाट्याच्या पिठात घाला. तीळ कुटून खा, अख्खे तसेच बाहेर पडतात. बाजारचं सोया दूध आणलं तर कॅल्शियम घातलेलं आहे का ते बघा आणि पुडा हलवून ओता, ते तळाशी बसतं. घरी केलेल्या बदामाच्या दुधात कॅल्शियम अगदीच थोडं असतं.

जवस भाजून चटणी करा, रोज एक-दोन चमचे. बाळाच्या मेंदूला लागणाऱ्या डीएचए या मेदाम्लाचा कच्चा माल त्यात आहे, पण शरीर त्यातलं थोडंच रूपांतरित करतं. म्हणून शैवालापासून केलेली डीएचएची शाकाहारी गोळी हवी का, हे डॉक्टरांना विचारा. ऊन आपल्याकडे भरपूर असलं तरी दिवसभर घरात राहणाऱ्या आणि अंग झाकणाऱ्या बायांत ड जीवनसत्त्व कमी निघतं. गोळी चुकवू नका.

टप्पा ८: महिन्यांप्रमाणे बदल

पहिले तीन महिने. मळमळीत आदर्श ताटाचा आग्रह नको. कडक भाकरीचा तुकडा किंवा फुटाणे उशाशी ठेवा, उठून बसायच्या आधी थोडं चावून खा आणि दहा-पंधरा मिनिटांनी उठा. दर दोन तासांनी थोडंथोडं. फोडणीचा वास सोसवत नसेल तर स्वयंपाक दुसऱ्या कुणीतरी करावा. पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी गडद आणि कमी होत असेल, वजन उतरत असेल तर घरगुती उपाय थांबवून दवाखाना गाठा.

चौथ्या ते सहाव्या महिन्यात भूक परत येते. टप्पा ३ आणि ५ पूर्णपणे सुरू करण्याची वेळ हीच. वजन महिन्याला दीड-दोन किलोने वाढावं आणि नऊ महिन्यांत एकूण १० ते १२ किलो, हा साधारण अंदाज. मुळात बारीक असाल तर जास्त, स्थूल असाल तर कमी.

सातव्यापासून पोट वर दाबतं आणि दोन घासांत भरल्यासारखं वाटतं. आता पातळ पदार्थांनी पोट भरू नका. आधी उसळ आणि वरण, मग भाकरी, भात शेवटी. ताट पाच-सहा वेळांत विभागा. डोहाळजेवणाचं गोडधोड एखाद्या दिवसाचं ठीक आहे, पण साखर वाढलेली असेल तर ओटीतले लाडू इतरांना वाटून टाका.

टप्पा ९: उपवास, ऊन आणि बाहेरचं

पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, त्यात श्रावण आणि सोमवार. गरोदरपणातही उपवास सोडायला बायांचा जीव धजत नाही. निर्जळी करू नका. मधुमेह किंवा रक्तक्षय असेल तर उपवासच नको. धरलाच तर साबुदाण्यावर राहू नका, त्यात पिष्टाशिवाय काही नसल्यासारखंच आहे. राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी, दूध किंवा दही, फळ असं घ्या. भगर अख्खी आणून, निवडून, धुऊन लगेच शिजवा. भगरीचं तयार पीठ नको, त्यातून विषबाधा झाल्याचे प्रकार महाराष्ट्रात वारंवार घडले आहेत. गोळ्या उपवासालाही चालू ठेवा.

उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी, ताक किंवा आंबील, लिंबूपाणी. नळाचं पाणी साठवून वापरत असाल तर पिण्याचं उकळून गार करा. रस्त्यावरचा बर्फ घातलेला उसाचा रस, कापून ठेवलेली फळं, उघडी चटणी टाळा. दूध कच्चं पिऊ नका.

सावधान: मिसरी लावायची सवय असेल तर ती आजच बंद करा. तंबाखूने बाळाचं वजन कमी भरतं. विड्या वळण्याचं काम घरी होत असेल, तर जेवायला बसण्याआधी हात साबणाने कोपरापर्यंत धुवा, तंबाखूचं सूप चुलीपासून आणि झोपायच्या जागेपासून लांब ठेवा, आणि काम कमी कधी करायचं ते डॉक्टरांना विचारा.

टप्पा १०: दर महिन्याचा पडताळा

लोह सुरू केल्यावर महिन्याने हिमोग्लोबिन तपासा. गोळ्या नियमित घेऊन ते साधारण एकाने तरी वाढलं नसेल, तर आधी टप्पा ३ मधल्या वेळा तपासा. वेळा बरोबर असतील तर डॉक्टरांना बी१२ आणि थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या तपासणीबद्दल विचारा. मात्रा आपल्या मनाने दुप्पट करू नका.

रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणं, जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर अचानक सूज, बाळाची हालचाल कमी वाटणं, चार पावलं चालून दम लागणं, यांपैकी काहीही झालं तर आहाराचा विचार बाजूला ठेवून १०२ किंवा १०८ ला फोन करा.

बाळंतपणानंतर गोळ्यांचा डबा आवरून ठेवू नका. लाल गोळी आणखी १८० दिवस आणि कॅल्शियम सहा महिने चालू ठेवायचं असतं. आईच्या अंगात बी१२ कमी असेल तर दुधातही ते कमी उतरतं, आणि बाळ सुस्त पडतं, मान धरायला उशीर करतं. म्हणून शाकाहारी आईने अंगावर पाजत असेपर्यंत बी१२ घेत राहावं, आणि बाळाच्या पहिल्या लसीला जाताना आपलीही तपासणी तिथेच मागून घ्यावी.